आई, एकदा ‘अगं’ म्हण ना

दर रविवारी पोळ्या झाल्या की मी हातभर लांबीचा एक काळा कीबोर्ड घेऊन स्वयंपाकघरात जाते, ओट्यावर ठेवते आणि म्हणते, “आई, एकदा ‘अगं’ म्हण ना.” आई हात पुसते, पदर सारखा करते आणि कीबोर्डकडे वाकून म्हणते, “अगं.” तेवढंच लागतं. त्या एका शब्दावर आमचा पुढचा तासभर जातो.

हा कॅसिओचा एसके-१. १९८६ साली असे कीबोर्ड बाहेरदेशी खेळण्यांच्या दुकानात मिळायचे. पट्ट्या ३२, त्याही लहान मुलांच्या बोटांच्या मापाच्या. एका छोट्या जाळीआड माइक आहे. सॅम्पलिंगचं बटण दाबायचं आणि त्यासमोर काहीही वाजवायचं, बोलायचं, खोकायचं. तो ते १.४ सेकंद ऐकून घेतो आणि मग तोच आवाज सगळ्या पट्ट्यांवर सुरात पसरून देतो. १.४ सेकंद म्हणजे ‘अगं’ बसतं, ‘अगं ऐकलंस का’ बसत नाही.

तो मी पहिल्यांदा पाहिला १९८८ च्या गणपतीत. मी नऊ वर्षांची. आमचं घर नाशिकला, सिडकोच्या दुसऱ्या स्कीममध्ये, आणि शेजारच्या काकांचा मोठा मुलगा मस्कतला नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा सामानात अत्तरं, घड्याळं, टेपरेकॉर्डर आणि हा. तेव्हा आमच्याकडे कीबोर्डला कुणी कीबोर्ड म्हणत नसे. वनस्पती तुपाला जसं डालडा, तसं कीबोर्डला कॅसिओ. ऑर्केस्ट्रात पुढे निवेदक, मागे ढोलकी आणि कोंगो, आणि एका बाजूला ‘कॅसिओवाला’, मग त्याच्या पुढ्यात यामाहा असो की रोलँड. काशिओ कुटुंबानं १९४६ साली टोकियोत एक छोटा कारखाना काढला, १९५७ साली गणकयंत्र आणलं, १९८० साली पहिला कीबोर्ड काढला. आणि त्यानंतर आठच वर्षांत त्यांचं आडनाव आमच्या गल्लीत सामान्यनाम होऊन बसलं होतं.

मंडपामागच्या खोलीत त्या मस्कतच्या दादानं सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं. प्रत्येकानं एकच शब्द बोलायचा. कुणी स्वतःचं नाव सांगितलं, कुणी कुत्र्यासारखं भुंकलं. मी म्हटलं, “सरस्वती.” दादानं पट्टी दाबली आणि आतून माझ्याच आवाजात आलं, “फरफ्वती.” सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या तोंडून ‘स’ निघाला होता, मी स्वतः ऐकला होता, मग आत गेल्यावर तो कुठे गेला? रात्री अंथरुणात पडल्यापडल्या मी तोंडासमोर हात धरून कितीतरी वेळ ‘स’ म्हणून बघत होते.

उत्तर मिळालं ते डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. आवाज आकड्यांत साठवायचा तर तो सेकंदाला हजारो वेळा मोजावा लागतो, आणि जेवढ्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्यापर्यंतचीच कंपनं खरी पकडता येतात. त्याच्या वरची आधीच गाळून टाकावी लागतात, नाहीतर ती भलतंच रूप घेऊन परत येतात. एसके-१ सेकंदाला सुमारे ९,३८० वेळा मोजतो. म्हणजे ४,६९० कंपनांच्या वर त्याला काही दिसत नाही. आणि ‘स’चा बराचसा जीव नेमका त्याच्या वर असतो. तो गेला की उरते नुसती फुंकर, आणि कान त्या फुंकरीला ‘फ’ समजतो. जुन्या फोनवर नाव सांगताना “स, सशातला स” असं सांगावं लागायचं त्याचं कारणही हेच. फोन तर जेमतेम ३,४०० पर्यंतच जायचा. सरांनी फळ्यावर हे काढून दाखवलं तेव्हा मी वहीत आकृतीशेजारी ‘फरफ्वती’ असं लिहून ठेवलं होतं. ती वही अजून आहे.

पुढे मी अंबडच्या एका कंपनीत कंट्रोल पॅनेलच्या टेस्टिंगला लागले, ती आजपर्यंत तिथेच आहे. अंबड लिंक रोडला भंगार बाजार होता त्या काळात आम्ही कंपनीतले दोघं-तिघं सुट्टीच्या दिवशी तिथे जुने मीटर, ट्रान्सफॉर्मर बघत फिरायचो. २०१४ साली तिथे पंख्यांच्या पात्यांखाली मला तो दिसला. मागचं सेलचं झाकण नव्हतं, एक पट्टी आत बसलेली, वर सिमेंटसारखी धूळ. दुकानदार म्हणाला, “ताई, खेळणं आहे, चालत नाही.” साडेतीनशेला दिला. मी घासाघीस केली नाही. घरी येईपर्यंत रिक्षात तो मांडीवर धरून बसले होते.

दुरुस्तीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण कुणाच्या माळ्यावर असा एखादा पडला असेल तर उपयोग होईल. त्याला पाच पेन्सिल सेल लागतात. माझ्या कीबोर्डमधले सेल कुणीतरी तसेच ठेवले होते, त्यांचं पाणी सुटून स्प्रिंगांवर हिरवट निळा थर चढला होता. तो खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, दोन स्प्रिंगा बदलल्या. स्पीकरची एक तार तुटली होती, तिला नवा सोल्डर मारला. चार पट्ट्या बोलत नव्हत्या. पट्ट्यांखाली रबराचा एक लांब तुकडा असतो, त्याच्यात प्रत्येक स्वराखाली कार्बनची काळी टिकली. पट्टी दाबली की टिकली खालच्या सर्किटवर टेकते आणि स्वर बोलतो. तीन टिकल्या नुसत्या पुसून जाग्या झाल्या. चौथीचा कार्बन झिजला होता, तिच्यावर ६बी पेन्सिलीचं शिसं हलक्या हातानं घासलं, ते आजतागायत टिकून आहे. एक मात्र सांभाळा. या कीबोर्डला अडॅप्टर लावायचा असेल तर तो साडेसात व्होल्टचा आणि आतला खांब ऋण असलेला हवा. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या उलटे असतात. मी अडॅप्टर लावतच नाही, सेलच वापरते.

सगळं जोडून झालं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी माइकच्या जाळीजवळ तोंड नेलं आणि म्हटलं, “सरस्वती.” सव्वीस वर्षांनी परत तेच उत्तर आलं. आई झोपेतून उठून आली, कोण बोलतंय म्हणून.

आवाज साठवून वाजवणारी यंत्रं याच्याही आधी होती. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९७९ साली फेअरलाइट नावाचं यंत्र तयार झालं, त्याची किंमत तेव्हाच्या हजारो पौंडांत, जगातले अगदी थोडे कलावंत आणि स्टुडिओ ते घेऊ शकले. १९८१ साली अमेरिकेत इम्युलेटर आला, तोही तसाच महाग. १९८४ साली एन्सोनिकचा मिराज आला तेव्हा सतराशे डॉलरच्या आत म्हणून लोकांना तो स्वस्त वाटला. आणि मग दोनेक वर्षांत शंभरेक डॉलरचा हा एसके-१. गंमत अशी की पहिला फेअरलाइटही ८ बिटचा आणि हाही ८ बिटचाच. म्हणजे आवाजाची उंची मोजायला दोघांकडेही २५६ पायऱ्या. फेअरलाइटकडे बाकी कितीतरी जास्त होतं, पडदा होता, आवाजाची लाट हातानं काढता यायची. पण त्या वेळी जी गोष्ट मोठ्या स्टुडिओच्या काचेआड होती, ती कुणाच्यातरी बॅगेतून मस्कतमार्गे सिडकोत आली आणि एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्यात बोलायला मिळालं, हे मला फार मोठं वाटतं.

या २५६ पायऱ्यांचाही एक रंग आहे. आवाज मोठा असतो तोवर पायऱ्या जाणवत नाहीत. आवाज विरत जातो तसतशा थोड्याच पायऱ्या वाट्याला येतात आणि शेवटाला एक बारीक खरखर राहते, चहा संपल्यावर कपाच्या तळाशी राहणाऱ्या चुऱ्यासारखी. मला तीच आवडते. त्या खरखरीमुळे कुठलाही आवाज लांबून, आणि बऱ्याच वर्षांपूर्वीचा, आल्यासारखा वाटतो.

सुरुवातीला मी घरात मिळेल ते त्यात भरलं. कुकरची शिट्टी (वरचं सगळं गळतं, बासरीसारखं काहीतरी उरतं). कुलुपाचा खटका. शेजारी ढोलाचा सराव चालायचा तेव्हा खिडकीत धरून नाशिक ढोलाची थाप घेतली, ती मात्र अगदीच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखी आली. ढोल अंगावर यायला हवा, आणि या स्पीकरला तेवढं अंगच नाही. कुठला आवाज या यंत्रात शोभतो आणि कुठला नाही, हे हळूहळू कळायला लागलं. मोठा आवाज हवा असं नाही, भरीव हवा. आणि १.४ सेकंदांत त्याचा स्वभाव कळायला हवा.

म्हणून मी नारोशंकराच्या घंटेच्या वाट्याला कधी गेले नाही. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते: पंचवटीत नारोशंकराच्या देवळाला एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल कोरलेलं आहे आणि चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाशी तिची कथा जोडलेली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आमच्याकडे सरळ ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. एवढ्या घंटेचा खरा ऐवज ठोक्यानंतर सुरू होतो, तो घुमत राहतो तो. १.४ सेकंदांत नुसता टोला हाती लागला असता.

त्याऐवजी मी तांबट लेनला गेले. लहानपणी बाबांबरोबर तिथून जाताना दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा आवाज सलग यायचा. आता तसा येत नाही, पण एका दुकानाच्या मागे एक काका अजून मठारायला बसतात. मठारणं म्हणजे तयार भांड्यावर हातोडीनं शेजारी शेजारी एकसारखे ठोके देत जाणं. त्यानं तांबं कडक होतं आणि अंगावर ती चमकणारी खवल्यांची नक्षी उठते. मी त्यांना कीबोर्ड दाखवला, काय करायचंय ते सांगितलं. ते म्हणाले, “भांडं अर्धं मठारलेलं असतं तेव्हा एक बोलतं, पुरं झालं की दुसरं बोलतं. तुम्हाला कुठलं पाहिजे?” हा प्रश्न विचारणारा माणूस मला आयुष्यात दुसरा भेटलेला नाही. मी दोन्ही घेतले, एक वाजवून झाल्यावर दुसरा, कारण याच्यात एका वेळी एकच आवाज राहतो. अर्ध्या मठारलेल्या कळशीचा आवाज मऊ, थोडा बसका. पुऱ्या मठारलेल्या कळशीचा आवाज ताठ, शेवटाला टोक असलेला. काकांनी स्वतः पट्ट्या दाबून बघितल्या. सर्वांत खालची पट्टी दाबली तेव्हा म्हणाले, “ही तर माझ्या वडिलांच्या वेळची जाड भांडी.”

तसं का वाटलं, तेही सांगते. हा कीबोर्ड सूर बदलतो तो आवाज हळू किंवा जलद वाजवून, बाकी काही युक्ती नाही. एक सप्तक खाली गेलात की १.४ सेकंदांचे २.८ होतात, आणि आवाजातली सगळी कंपनं निम्मी. कळशी आकारानं मोठी होते, तिचा पत्रा जाड होतो, तिच्यावर घोंगडी टाकल्यासारखी ती अंधारी होते. वर गेलात की तीच कळशी वाटी होते, मग पळी, शेवटी पैंजणाचा एक दाणा. आजचे चांगले कीबोर्ड थोड्या थोड्या पट्ट्यांसाठी वेगळा आवाज साठवतात, त्यामुळे पियानो वरपासून खालपर्यंत पियानोच राहतो. इथे एका भांड्याची अख्खी मांडणी होते.

आणि मींड. माझे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवायचे. पेटीला मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, याची त्यांना कायम रुखरुख होती. या खेळण्यावर पोर्टामेंटोचं बटण आहे. ते दाबलं की एका पट्टीवरून दुसरीवर जाताना सूर मधली वाट चालत जातो. मठारलेल्या कळशीचा ठोका काळी दोनवरून वर पंचमाकडे सरकत जातो तेव्हा जे ऐकू येतं, ते पेटीचं नाही, सतारीचं नाही, तांब्याचं आहे. बाबांना हे ऐकवायला मिळालं नाही. त्यांची पेटी मी त्याच्याच शेजारी ठेवते.

याची भावंडंही आहेत. एसके-५ मध्ये एकाऐवजी चार छोटे आवाज राहतात, आणि पॅडवर सिंहाची डरकाळी आणि लेझर बंदूकही आहे. यामाहाच्या व्हीएसएस-३० मध्ये आवाज उलटा फिरवता येतो. ओळखीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्या दादांकडे तो आहे, मी एक संध्याकाळ वाजवला, छान आहे. काही लोक एसके-१ उघडून त्याच्या सर्किटवर नको तिथे तारा जोडतात आणि त्यातून चित्रविचित्र आवाज काढतात. अमेरिकेतल्या रीड गझाला यांनी या प्रकाराला सर्किट बेंडिंग हे नाव दिलं. ऐकायला मला आवडतं, पण माझ्या यंत्राला मी हात लावणार नाही. हल्ली संग्राहक याच्यासाठी बरेच पैसे मोजतात, त्याचं मला वाईट वाटतं. स्वस्त असणं हा याचा स्वभाव आहे. मुलाच्या हातात देताना “जपून हं” म्हणावं लागलं की संपलं.

आता मुख्य गोष्ट. बंद केला की हा सगळं विसरतो. ते १.४ सेकंद, म्हणजे जेमतेम तेरा हजार आकडे, वीज आहे तोवरच त्याच्या मेमरीत राहतात. मोबाइलच्या एका फोटोत याच्या शंभर-दोनशे पट ऐवज असतो. सुरुवातीला मला हे विसरणं हा दोष वाटायचा. आईचा ‘अगं’ पहिल्यांदा घेतला तेव्हा तो इतका नेमका आला होता (दुपारची झोप मोडलेला, शेवटाला थोडा वर गेलेला) की मी तीन दिवस कीबोर्ड बंदच केला नाही. चौथ्या दिवशी सेल उतरले.

भाचा म्हणाला, “मावशी, आजीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि दर वेळी वायरनं आत सोड. त्याला लाइन इन आहे की.” बरोबर होतं त्याचं. मी तसं केलं. दोन महिने दर रविवारी तोच एक उत्तम ‘अगं’ माझ्याकडे होता. मी खोलीत बसून वाजवायचे, चार पट्ट्या एकदम दाबल्या की चार वयांच्या चार आया एकदम हाक मारायच्या, खालची भारदस्त, वरची अगदी परकरातली. आणि आई स्वयंपाकघरात असायची. एक दिवस ती दारात येऊन म्हणाली, “आता तुला माझी गरज नाही वाटतं.” रागानं नाही, सहजच म्हणाली. मी त्याच दिवशी ती वायर काढून ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी नवा ‘अगं’. सर्दी झालेली असते तेव्हा तो नाकात अडकतो. दूध ओतू जात असताना घेतलेला एकदम तुटक, काठीसारखा वाजतो, त्याच्यावर द्रुत लय चांगली बसते. मावशीचा फोन येऊन गेल्यावरचा लांब, ओलसर. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आईच्या एका शब्दात किती जागा आहेत, हे मला या पाच सेलवर चालणाऱ्या यंत्रानं ऐकायला लावलं. साठवून ठेवता आलं असतं तर मी एकच ऐकत राहिले असते.

गेल्या रविवारी मी ओट्यावर कीबोर्ड ठेवला तर आई म्हणाली, “आज मी नाही बोलणार, थांब.” आत गेली आणि माळ्याखालून आजीचं तांब्याचं घंगाळ घेऊन आली, घासून लख्ख केलेलं. म्हणजे शनिवारीच काढून ठेवलं होतं. “तुझ्या त्या तांबटाच्या कळशीपेक्षा हे बघ,” म्हणाली. घंगाळ फरशीवर ठेवलं तर आवाज दबतो, म्हणून तिनं जुन्या साडीची चुंबळ केली, तिच्यावर ते बसवलं, कड्या वाजू नयेत म्हणून दोन्हींमध्ये फडकं अडकवलं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग लाटणं उलटं धरून एक ठोका दिला.

पहिल्यांदा जोरात झाला, आवाज फाटला. दुसऱ्यांदा नेमकी खाली दुधाची गाडी हॉर्न वाजवून गेली. तिसरा बरोबर आला. मी काळी दोनपासून एकेक पट्टी वर चढत गेले, मग पोर्टामेंटो लावून खाली उतरले, आणि मागे वळून बघितलं तर आईचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती घंगाळाच्या काठाला कान लावून खाली बसली होती, आणि हातानं मला गप्प राहायची खूण करत होती, कारण ते अजून वाजत होतं.